सल्ला हवा : सोळा वर्षांच्या भाच्यासाठी मराठी भयकथा – धारप की मतकरी? (बजेट ७०० रुपये)

मिरजेची_मावशी
नमस्कार मंडळी. माझा भाचा बंगळुरूत वाढला. नुकतीच दहावी झाली. घरात मराठी बोलतात, पण शाळेत मराठी कधीच नव्हतं. हिंदीमुळे देवनागरी येते, वाचतो मात्र हळू, जोडाक्षरापाशी अडतो. इंग्रजीत स्टीफन किंग भरपूर वाचलाय : 'सालेम्स लॉट', 'पेट सेमेटरी', लघुकथांचे संग्रह. मध्यंतरी त्याने 'तुंबाड' पाहिला आणि मला फोनवर विचारलं, "मावशी, असलं काही मराठीत लिहिलेलं आहे का? मला मराठीतच वाचायचंय." हे त्याने आपणहून विचारलं, म्हणून ही संधी मला घालवायची नाही. पहिलंच पुस्तक जड गेलं तर तो पुन्हा मराठीच्या वाटेला जाईल असं वाटत नाही.

बजेट सातशे रुपये, बंगळुरूपर्यंतच्या पोस्टासकट. एक किंवा दोन पुस्तकं. शक्यतो छोट्या कथा, कारण कादंबरी मध्येच सोडून देईल. रक्तमांस चालेल, बायकांवरचे अत्याचार चवीने रंगवलेले नकोत.

मी स्वतः मतकरींचं 'खेकडा' कॉलेजात असताना वाचलंय. धारप एकही वाचलेला नाही. सुरुवात कुणापासून करू?

ठाणेकर_७२
धारप. दुसरं नाव घेऊच नका. नारायण धारपांनी शंभराच्या वर पुस्तकं लिहिली, त्यातली कितीतरी वर्षानुवर्षं बाजारात नव्हती. आता साकेत प्रकाशनाने बरीच नव्याने काढली आहेत. एक-दोन पुस्तकांनी काय होणार? जेवढी मिळतात तेवढी एकदम मागवा. चार-पाच हजार जातील, पण पोराचं आयुष्यभराचं वाचन झालं. माझ्याकडे जुन्या आवृत्त्या कपाटभर आहेत. कुणालाही देत नाही, मागू नये.

काळाचौकी_वाला
+१ धारप. 'समर्थ'पासून सुरुवात करा. समर्थ म्हणजे अमानवी संकटांवर इलाज करणारे गृहस्थ, सोबत त्यांचे अप्पा. किंगमध्ये माणसं एकटी पडतात, इथे कुणीतरी जाणता मदतीला येतो. आमच्या वाचनालयात समर्थकथांना नंबर लावावा लागायचा. कृष्णचंद्र आणि पंत हेही धारपांचेच, पण समर्थ ते समर्थ.

अनुराधा_के
मावशी, तुमचा प्रश्न नीट वाचला. मी मतकरींच्या बाजूने आहे आणि का ते सांगते.

धारपांची भीती बाहेरून येते. जुना वाडा, दुसऱ्या मितीतून घुसणारं काहीतरी, ज्याचं नावसुद्धा माणसाच्या तोंडात बसत नाही. ती भीती भव्य असते, मान्य. मतकरींची भीती तुमच्या दोन खोल्यांच्या घरातच असते. ऑफिसातून परत येणारा नवरा, शेजारची म्हातारी, आजारी मूल, भाड्याने घेतलेली जागा. पहिली काही पानं वाटतं की ही तर साधी कौटुंबिक कथा आहे. मग एक वाक्य असं येतं की आधीचं सगळं वेगळं दिसायला लागतं. वर्षानुवर्षं बालनाट्य आणि नाटक केलेल्या माणसाला प्रेक्षक नेमका कुठे बेसावध असतो हे पक्कं ठाऊक होतं. 'अलबत्या गलबत्या' लिहिणारा आणि 'मध्यरात्रीचे पडघम' लिहिणारा माणूस एकच, हे विसरू नका. चेटकिणीला हसणाऱ्या मुलांना त्यांनी मोठेपणी घाबरवलं.

शिवाय भाषा बोलण्यातली आहे. वाक्यं छोटी, संवाद भरपूर. अडखळत वाचणाऱ्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. कथा दहा-पंधरा पानांत संपते. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'निजधाम', 'कबंध', यातलं कुठलंही एक घ्या. दोन घेतलीत तरी बजेटात बसावं, ऑर्डर देण्याआधी किंमत बघून घ्या.

२०२० च्या मे महिन्यात मतकरी गेले तेव्हा बातम्यांचा इतका गदारोळ होता की त्यांच्यावर हवं तेवढं बोललंही गेलं नाही. म्हणून जिथे संधी मिळते तिथे मी त्यांचं नाव सांगते.

जगबुडीकाठ
पोराला 'तुंबाड' आवडला ना? मग 'तुंबाडचे खोत' घ्या, श्री. ना. पेंडसे. दोन खंड आहेत. माझं आजोळ खेड तालुक्यातलं, जगबुडी नदी रोज पाहिलेली. त्या पुस्तकाइतकं कोकण दुसरं कुठे सापडणार नाही.

पेठेतला_वाचक
थांबा, इथे गोंधळ होतोय आणि हा गोंधळ सगळीकडे होतो. 'तुंबाड' (२०१८) चित्रपटाने पेंडशांच्या कादंबरीचं फक्त नाव घेतलंय. कथेचं बीज धारपांचं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची गोष्ट सांगितली, तिथून हे सगळं सुरू झालं. ती गोष्ट म्हणजे 'आजी'. आणि ती 'आजी' किंगच्या 'ग्रॅमा'वरून आलेली. म्हणजे मावशी, तुमचा भाचा किंगकडून निघून तुंबाडमार्गे पुन्हा किंगच्याच दारात येऊन उभा आहे.

पेंडशांची कादंबरी थोर आहे, पण ती खोत घराण्याच्या चार पिढ्यांची गोष्ट आहे. तिच्यात चित्रपटातला राक्षस हस्तर शोधायला गेलात तर मुलगा पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटेल. आणि दोन खंड सातशेत बसवणं कठीण.

जगबुडीकाठ
नाव तिथलं, गाव तिथलं, पाऊस तिथला. घराण्याची हाव माणसाला कशी खाते हे चित्रपटात दाखवलंय, ते पेंडशांनी १९८७ मध्येच लिहून ठेवलंय. भुताशिवाय भीती दाखवता येते. माझं मत कायम.

विज्ञानवेडा
बरं झालं पेठेतल्या वाचकांनी विषय काढला. कुणी स्पष्ट बोलत नाही म्हणून मी बोलतो. धारपांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांपैकी 'लुचाई' म्हणजे 'सालेम्स लॉट' आणि 'शपथ' म्हणजे 'इट'. ज्या मुलाने किंग मुळातून वाचलाय त्याच्या हातात तुम्ही मराठीतला किंग देणार? वीस पानांत ओळखेल आणि म्हणेल, मराठीत स्वतःचं काही नाहीच का? पहिलाच अनुभव असा नको. 'लुचाई' आणि 'शपथ' ही दोन या मुलाला देऊच नका, हा माझा ठाम सल्ला.

धारपच द्यायचे तर 'नेनचिम' द्या. विज्ञानकथेच्या अंगाने जाणारी आहे. माणूस शिकलेला रसायन-तंत्रज्ञानाचा होता, ते लेखनात दिसतं.

ठाणेकर_७२
विज्ञानवेडा, तुमचा जन्म कधीचा ते माहीत नाही. ज्या काळात 'लुचाई' आली त्या काळात इचलकरंजीत, परभणीत, चाळीसगावात किंगचं पुस्तक मिळत होतं का? ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं त्यांनी काय करायचं? धारपांनी ती भीती मराठी घरात आणून बसवली. देवघर, तुळस, अमावास्या, मराठी माणसाचं बोलणं, हे किंगमध्ये कुठे आहे? रूपांतर ही आपली जुनी परंपरा आहे. देवलांचं 'झुंजारराव' ऑथेल्लोवरून, आगरकरांचं 'विकारविलसित' हॅम्लेटवरून, पु.लं.ची 'ती फुलराणी' पिग्मॅलियनवरून. त्यांना कुणी चोर म्हणत नाही. भयकथा लिहिणाऱ्यालाच का म्हणायचं?

विज्ञानवेडा
चोर हा शब्द मी वापरलेला नाही. 'ती फुलराणी' बघायला जाणाऱ्याला 'पिग्मॅलियन' लिहिणाऱ्या शॉचं नाव ठाऊक असतं. 'लुचाई' वाचलेल्या माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांना किंगचं नाव आजही ठाऊक नाही. वाचकाला मूळ कळावं, एवढंच म्हणणं.

पेठेतला_वाचक
दोघांचंही बरोबर आहे, पण दोघेही धारपांना दोन पुस्तकांवर तोलताय. ज्या माणसाने शंभरावर पुस्तकं लिहिली त्याचं मूळचं लेखन प्रचंड आहे. समर्थांची सगळी मालिका, '४४० चंदनवाडी', 'साठे फायकस'. जुन्या अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टची छाप आहेच, पण छाप आणि रूपांतर यात फरक आहे. जगाच्या कडेपलीकडे माणसाची पर्वा नसलेलं काहीतरी बसून आहे, ही कल्पना लव्हक्राफ्टनंतर शेकडो लेखकांनी वापरली. धारपांनी ती पुण्याच्या पेठांमध्ये आणली आणि मला ती तिथे जास्त भेडसावते.

रद्दीतले_रत्न
सगळेच भारी बोलताय, पण घेणार कुठून ते कुणी सांगत नाही. ऑनलाइन वापरलेली पुस्तकं अजिबात मागवू नका. मी एका विक्रेत्याकडून धारपांचं जुनं पुस्तक घेतलं. मुखपृष्ठ झकास, आत वाळवीची भोकं आणि शेवटची पानं गायब. रहस्य उलगडणार तिथेच पुस्तक संपलं. परत घ्यायला तयार नाही, फोन उचलत नाही. नवीनच घ्या. जुनं घ्यायचंच असेल तर स्वतः हातात घेऊन शेवटचं पान आधी उघडून बघा, मधल्या फॉर्मची शिलाई बघा, मग पैसे द्या.

न्यूजर्सीची_नलू
माझी दोन्ही मुलं इथेच जन्मली, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी जवळचा वाटला. मी आधी चांगली चांगली मराठी पुस्तकं आणून बघितली, काही चाललं नाही. मग 'हॅरी पॉटर आणि परीस' आणलं, मंजुल प्रकाशनाचा मराठी अनुवाद. मुलांना इंग्रजीतून पाठ होतं. पुढे काय होणार ते माहीत, त्यामुळे एखादा शब्द अडला तरी गाडी थांबत नव्हती. उलट "अरे, याला मराठीत असं म्हणतात!" असं चालायचं. पोरं पहिल्यांदा मराठी पुस्तक शेवटपर्यंत गेली ती अशी. नंतर बाकीचं वाचायला लागली.

बाकी स्टोरीटेल अ‍ॅपवर मराठी ऐकायलाही खूप आहे. कानाने ऐकत डोळ्यांनी वाचायचं, हाही उपाय आहे.

काळाचौकी_वाला
नलूताई, विषय भयकथांचा आहे. हॅरी पॉटर लहान मुलांचं.

अनुराधा_के
हॅरी पॉटर लहान मुलांचं नाही, पण ते जाऊ दे. ऐकण्याच्या सल्ल्याला माझा विरोध. मुलाला वाचायचंय, असं मावशींनी स्वच्छ लिहिलंय.

म्हापशेकर
तुम्ही सगळे पुस्तकातली भुतं सांगताय. आमच्याकडे देवचार आहे. रात्री गावाच्या वेशीवरून फिरतो, हातात काठी, पायात वहाणा. वहाणा झिजतात म्हणून लोक नवीन ठेवतात. यावर कुणी मराठीत धड कादंबरी लिहिली असेल तर मला सांगा, मावशींच्या भाच्यालाही तीच द्या. वाडे आणि स्मशानं वाचून कंटाळा आला.

सावंतवाडीकर
देवचार म्हणजे भूत न्हय हो! तो राखणदार. वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. भीती वाटते ती आदराची. भुतं म्हणायची तर मुंजा, हडळ, गिऱ्हा, झोटिंग, समंध. गिऱ्हा पाण्यातला, मुंजा पिंपळावरचा, प्रत्येकाची जागा ठरलेली. देवचाराला त्यांच्या पंगतीत बसवू नका.

म्हापशेकर
मी कुठे भूत म्हटलं? फिरतो एवढंच म्हटलं. पण त्याच्या वाटेत आडवं झोपलं तर तो काय करतो ते आमच्या आज्याला विचारा.

मिरजेची_मावशी
सगळ्यांचे आभार, इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. परत सांगते, बजेट सातशे. सगळी पुस्तकं एकदम घेणं जमणार नाही. अनुराधाताई, तुमचं मतकरींबद्दलचं वाचून 'खेकडा' परत काढलं, अजूनही तितकंच बेचैन करतं. प्रश्न असा की या कथा वयाने मोठ्या माणसांच्या संसारातल्या आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला नवरा-बायकोतला ताण कितपत पोचेल?

अनुराधा_के
पोचेल. मुलं घरातले ताण आपल्यापेक्षा आधी ओळखतात. मी स्वतः चौदाव्या वर्षी वाचल्या. अल्फा मराठीवर मतकरींचं 'गहिरे पाणी' लागायचं तेव्हा आमच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं बघायची आणि मग जिन्यातून एकटं खाली जायला कुणी तयार नसायचं.

डॉ_शिशिर
एवढी चर्चा झाली आणि जी. एं.चं नाव कुणी घेतलं नाही, हे पटत नाही. भय आणि अद्भुत हे दोन्ही एका लेखकात पाहायचं असेल तर जी. ए. कुलकर्णी. 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' वाचा. मठाच्या तळघरात कोंडलेला माणूस, वर जायची वाट बंद, आणि त्याला कोंडणारे लोक त्याच्याशी अत्यंत आदराने वागताहेत. त्या आदराइतकी भयानक गोष्ट मी दुसऱ्या कुठल्याही भाषेत वाचलेली नाही. 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार', 'काजळमाया'तला 'विदूषक' : राजवाडे, वाळवंटं, अनाम नगरं. एकही भूत नाही, तरी सगळं आपल्या जगाच्या पलीकडचं. आपल्याकडे अद्भुत साहित्य नाही म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं. धारवाडसारख्या गावात बसून इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने मराठीत हे उभं केलं. 'काजळमाया'ला साहित्य अकादमी मिळाला, तो त्यांनी परत केला.

मुलाला उत्तम द्या. सोपं देऊन सवय बिघडवू नका.

पेठेतला_वाचक
डॉक्टर, जी. ए. माझेही दैवत. पण जोडाक्षरापाशी अडणाऱ्या मुलाला 'इस्किलार'? प्रतिमांवर प्रतिमा, पान पान लांब परिच्छेद. तो वीस वर्षांचा होऊ दे.

डॉ_शिशिर
मी अकराव्या इयत्तेत वाचलं. कळलं नाही, पण सोडवलंही नाही. कळणं नंतर येतं.

आजोबांचं_कपाट
अद्भुतचा विषय निघालाय तर नाथमाधवांचं 'वीरधवल' कसं विसरलात? शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं पुस्तक. भुयारं, कपटकारस्थानं, रात्री बेरात्रीच्या दौडी. गो. ना. दातारांचं 'कालिकामूर्ती'ही तसंच. आमच्या घरात तीन पिढ्यांनी वाचलं. आजची भुतं म्हणजे नुसता आरडाओरडा. आणि सोळा वर्षांच्या मुलाला 'तुंबाड' दाखवलाच कशाला, हेही मला कळलं नाही.

काळाचौकी_वाला
आजोबा, मुलगा किंग वाचतो, 'तुंबाड' त्याला काय करणार? पण 'वीरधवल'ची भाषा जुनी आहे, बंगळुरूचा मुलगा पहिल्या प्रकरणातच दमेल. त्यापेक्षा चांदोबा बरा होता. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ, शंकर यांचं ते चित्र. आमच्या पिढीची पहिली भयकथा तीच. आता अंक येत नाही.

अलिबागची_रेवा
सगळे गेलेल्या लेखकांबद्दलच बोलताय. आज लिहिणारेही आहेत ना! हृषीकेश गुप्ते वाचा. 'अंधारवारी' हा कथासंग्रह, 'घनगर्द', 'हाकामारी'. आमच्या भागातलं कोकण त्यांच्याकडे आहे, तेही आजच्या भाषेत. हाकामारी लहानपणी आम्ही सगळ्यांनी ऐकलेली : रात्री दारावर हाक आली तर ओ द्यायची नाही. एवढ्याशा समजुतीवरून तो माणूस कुठल्या कुठे घेऊन जातो. 'दंशकाल' मात्र भाच्याला आत्ता देऊ नका, ती मोठ्यांची कादंबरी आहे. मावशी, ती तुम्ही वाचा.

ठाणेकर_७२
गुप्ते चांगले लिहितात, पण धारपांशिवाय ते झाले असते का? मूळ आधी वाचावं.

अलिबागची_रेवा
काका, त्या न्यायाने धारपांआधी किंग, किंगआधी लव्हक्राफ्ट. किंग तर त्या मुलाने वाचलेलाच आहे! मग आता पुढचंच वाचू दे.

रद्दीतले_रत्न
दिवाळी अंकांचं कुणी बोललं नाही. 'धनंजय' आणि 'नवल' हे रहस्य, भय, गूढ यांचेच अंक. एका अंकात एवढे लेखक मिळतात की मुलाला स्वतःलाच कळेल कोण आवडतो. जुने अंक रद्दीवाल्याकडे किरकोळीत मिळतात. नवीन घ्यायचा तर दिवाळीपर्यंत थांबायला लागेल. अनंत अंतरकरांनी 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' काढले आणि त्यातून केवढे कथालेखक पुढे आले. कथासंग्रह काढायला प्रकाशक मागेपुढे बघायचे तेव्हा भयकथा या अंकांनीच जगवली.

डॉ_शिशिर
हे मात्र खरं. पण अंकाचा कागद आणि बारीक छपाई हळू वाचणाऱ्याला त्रासदायक. जाहिराती वेगळ्याच.

वाचनालय_सांगली
मिरजेच्याच आहात तर विकत कशाला घेता? जवळच्या वाचनालयात महिनाभराची वर्गणी भरा, चार लेखकांचं एकेक पुस्तक आणा, स्वतः दहा-दहा पानं वाचा आणि मग जे त्याला झेपेल तेवढंच नवीन मागवून बंगळुरूला पाठवा. धारप तुम्ही वाचलेलाच नाही, मग न वाचता दुसऱ्याला कसा देणार? अक्षराचा आकारही तिथेच बघून होईल. एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांतसुद्धा टाइप वेगवेगळा असतो.

मिरजेची_मावशी
वाचनालय_सांगली, तुमचा सल्ला लगेच अमलात आणला. धारपांची दोन, मतकरींचं एक, जी. एं.चं एक आणि 'अंधारवारी' आणलं. वाचून सांगते.

ठाणेकर_७२
धारपांची कुठली दोन?

मिरजेची_मावशी
'समर्थ' आणि 'लुचाई'.

विज्ञानवेडा
'लुचाई' नको म्हटलं होतं.

मिरजेची_मावशी
उत्तर द्यायला उशीर झाला. सगळी थोडी थोडी वाचली, 'लुचाई' पूर्ण वाचली. 'स्वामी' वाचून एक रात्र झोप आली नाही, डॉक्टर, पण ती कथा मी त्याला आत्ता देणार नाही.

'लुचाई'च घेतली. नवीन प्रत मागवली, पोस्टासकट सातशेच्या बरीच आत बसली. तुम्ही जवळजवळ सगळे कथासंग्रह सांगत होतात, मी स्वतःही तेच मागत होते आणि विज्ञानवेडा यांनी तर हेच पुस्तक नको म्हणून बजावलं होतं. तरी घेतलं, कारण नलूताईंनी लिहिलेलं डोक्यातून जात नव्हतं. भाच्याला 'सालेम्स लॉट' आवडतं आणि नीट आठवतं. पुढे काय घडणार याची चिंता नसेल तर त्याचं सगळं लक्ष मराठी वाक्याकडे राहील. नव्या कथासंग्रहात दर दहा पानांनी नवी माणसं, नवं घर, नवी सुरुवात. हळू वाचणाऱ्याची सगळी ताकद त्यातच जाते, हे मला आधी सुचलं नव्हतं.

दुसरं असं की त्याच्यापासून मी काही लपवलेलं नाही. फोनवर सांगितलं की हे किंगवरून घेतलंय. किंगचं अमेरिकेतल्या मेन राज्यातलं गाव मराठी मुलखात आल्यावर काय काय बदलतं, क्रूस आणि पवित्र पाण्याच्या जागी काय येतं, ते शोध आणि मला सांग. तो लगेच म्हणाला, "म्हणजे फॅन फिक्शन?" मी म्हटलं, वाच आणि मग नाव ठेव. चौथ्या प्रकरणात आहे. रोज रात्री अडलेल्या शब्दांचे फोटो पाठवतो. काही शब्द मलाही माझ्या आईला विचारावे लागले.

न्यूजर्सीची_नलू
किती छान! शब्दांचे अर्थ त्याला त्याच पानावर पेन्सिलने लिहू द्या, वहीत नको. वही हरवते.

विज्ञानवेडा
मूळ सांगून दिलंत, मग माझा आक्षेप संपला. दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवून वाचायला सांगा. धारपांनी काय गाळलं यावरूनही लेखक कळतो. आणि हे झालं की 'नेनचिम'.

ठाणेकर_७२
मी पहिल्याच उत्तरात धारप म्हटलं होतं. आता 'समर्थ', मग 'शपथ', मग '४४० चंदनवाडी'. एकदम घेतलीत तर पोस्टाचा खर्च एकदाच पडतो, विचार करा.

अनुराधा_के
मावशी, निर्णय पटला नाही, पण कारण पटलं. 'लुचाई' संपल्यावर मात्र लगेच मतकरींची एकच कथा द्या, पूर्ण पुस्तक नको. तुमच्याच 'खेकडा'च्या प्रतीतल्या एका कथेचे फोटो काढून पाठवा. एवढी जाड कादंबरी संपवलेल्याला दहा पानांचं काही वाटणार नाही.

जगबुडीकाठ
हे सगळं झाल्यावर 'तुंबाडचे खोत'. घाई नाही.

सोलापूरची_सून
उशिरा आले धाग्यावर. माझ्या सासूबाईंना धारप वाचायचे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोठ्या टाइपातलं कुठलं आहे?

वाचनालय_सांगली
ताई, नवीन धागा काढा, इथे हरवून जाईल. तोवर ऑर्डर देण्याआधी दुकानदाराकडून आतल्या पानाचा फोटो मागवा, शेजारी एक नाणं ठेवून. अक्षर केवढं आहे ते बरोबर कळतं.